डॉक्टर, चालू तरी कुठं?

वाचकहो, गेली चौतीस वर्षे मी रुग्णांना एक औषध फुकट देत आलो आहे. मधुमेह असो, रक्तदाब असो, वजन वाढलेले असो की रात्री झोप येत नसो, चिठ्ठीच्या तळाशी ‘रोज ४० मिनिटे चालणे’ असे लिहायचे आणि सही ठोकायची. २०२३ च्या मार्च महिन्यात एका बाईंनी ती चिठ्ठी वाचली आणि विचारले, ‘‘डॉक्टर, चालू तरी कुठं?’’

वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह जुना, गुडघे नुकतेच कुरकुरू लागलेले. राहणार बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. सकाळी रस्त्यावर भाजीच्या गाड्या, दिवसभर मोटारसायकली, रात्री मोकाट कुत्री. ‘‘गच्चीवर चाला ताई,’’ असे सांगून मी पुढच्या रुग्णाला आत बोलावले. त्यांचे घर पत्र्याचे आहे, हे मला ठाऊक होते.

पुढच्याच महिन्यात दवाखाना सहकाऱ्याकडे सोपवून आम्ही उभयता मुलाकडे इंग्लंडला गेलो. मुलगा डर्बी या शहरात विमानाची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. लंडनच्या उत्तरेला सव्वाशे मैलांवर, अडीच लाखांच्या आसपास वस्ती असलेले हे कारखानदारीचे शहर. टॉवर नाही, राजवाडा नाही, त्यामुळे आपल्याकडची सहलीची मंडळी तिकडे फिरकत नाहीत. मी मात्र तिथे जे पाहिले, त्याचा संबंध थेट त्या बाईंच्या प्रश्नाशी आहे. म्हणून आजचा लेख.

आधी माझी स्वतःची कबुली. मलाही बारा वर्षांपासून मधुमेह आहे. निघण्यापूर्वी एचबीएवनसी केली. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते. माझा आकडा आला ९.१. रुग्णाचा असा आकडा आला असता तर मी त्याला चांगला फैलावर घेतला असता. स्वतःचा कागद मात्र घडी घालून पाकिटात ठेवला. डर्बीला पोहोचल्यावर पहिले तीन आठवडे तर घराबाहेर पडलोच नाही. बाहेर आठ अंश, झोंबरा वारा आणि येताजाता पावसाची भुरभुर. खिडकीजवळच्या गरम नळ्यांपाशी खुर्ची टाकून मी बसे आणि सौ. लाडू वळी.

अखेर एका रविवारी सूनबाई ओव्हरकोट घेऊन समोर उभ्या राहिल्या. ‘‘बाबा, पेशंटला तुम्ही काय सांगता?’’ एवढेच म्हणाल्या. उठावेच लागले.

घरापासून दहा मिनिटांवर ‘आर्बोरेटम’ नावाची बाग. आर्बोरेटम म्हणजे वृक्षोद्यान, निरनिराळ्या जातींची झाडे जपून लावलेली जागा. लोखंडी फाटकातून आत शिरलो. रुंद, सरळ, सपाट वाट. दोन्ही बाजूंना मातीचे लांबट उंचवटे, त्यांच्यावर जुनी झाडे, ठिकठिकाणी बाके. तिकीट नाही, पहारेकरी नाही. आपल्याकडच्या बागेत पहिली दिसते ती ‘गवतावर चालू नये’ ही पाटी. मी सवयीने ती शोधली. पाटी नव्हती, उलट गवतावर एक कुटुंब चादर पसरून आडवे झाले होते. सात वर्षांची नात एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे पळत होती आणि रानडुकराच्या पुतळ्यावर चढण्याचा हट्ट करीत होती. त्या दिवशी मी एक फेरी मारली आणि धापा टाकीत बाकावर बसलो.

त्या बाकावर पगडी घातलेले एक वृद्ध गृहस्थ आधीपासून बसलेले होते. ऐंशीच्या घरातले. साठच्या दशकात जालंधरकडून आले, ढलाईच्या कारखान्यात भट्टीपुढे तीस वर्षे काम केले, आता मुले-नातवंडे इथलीच. मी डॉक्टर आहे हे कळताच म्हणाले, ‘‘डॉक्टर साहब, रोज तीन चक्कर. एक मेरे दिल के लिए, एक शुगर के लिए, और एक घरवाली की याद के लिए.’’ मग हसून पुढे म्हणाले, की पहिल्या दोन फेऱ्या डॉक्टरांनी सांगितल्या, तिसरी त्यांनी स्वतः वाढवली. पुढे पाच महिने या सरदारजींची आणि माझी रोज दहा वाजता त्याच बाकावर गाठ पडत राहिली.

ही बाग कोणी आणि का केली हे वाचायला घेतले आणि मी चकित झालो. १८४० साली १६ सप्टेंबरला ती लोकांसाठी उघडली. जागा आणि खर्च जोसेफ स्ट्रट या सूतगिरणीमालकाचा. त्याचे वडील जेडेडाया स्ट्रट इंग्लंडमधील सुरुवातीच्या मोठ्या गिरणीमालकांपैकी एक. जोसेफ डर्बीचा महापौरही झाला होता. ज्या गावाच्या कष्टांवर आपण श्रीमंत झालो, त्या गावाला काही परत द्यावे असे त्याच्या मनाने घेतले. त्याने सुमारे अकरा एकर जागा दिली आणि आराखड्यासाठी त्या काळचा नामवंत उद्यानतज्ज्ञ जॉन क्लॉडियस लाउडन याला बोलावले. लाउडनचा उजवा हात आजारपणात काही वर्षांपूर्वी कापावा लागला होता. तरीही हा माणूस देशभर हिंडून बागा आखत होता आणि ग्रंथ लिहीत होता.

लाउडनची युक्ती मला फार आवडली. जागा लहान. आत शिरल्याबरोबर चारी बाजूंच्या भिंती दिसल्या तर माणसाला कोंडल्यासारखे वाटणार. म्हणून त्याने मातीचे पुरुषभर उंचवटे घातले आणि त्यांच्यामधून वाटा नेल्या. एका वाटेवरचा माणूस दुसऱ्या वाटेवरच्याला दिसत नाही, कुंपण दिसत नाही, आणि अकरा एकर पंचवीस एकरांसारखे वाटतात. सुमारे एक हजार जातींची झाडे-झुडपे लावली आणि नावांच्या पाट्या लावल्या, म्हणजे चालता चालता ज्ञानही मिळावे. रविवार आणि बुधवार प्रवेश मोफत, इतर दिवशी पैसे. बागेची निगा त्यातून व्हावी हा हेतू. पुढे १८८२ पासून सर्व दिवस मोफत झाले. गिरणी कामगाराला सुटी रविवारचीच. तोच दिवस फुकट ठेवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, आरोग्याच्या सदरात बागेचा इतिहास कशाला? वाचकहो, या बागा मुळात आरोग्यासाठीच जन्मल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील खेड्यांतून माणसे लोंढ्याने कारखान्यांच्या गावांत आली. एका खोलीत सात-आठ माणसे, गटारे उघडी, धुराने आकाश काळे. पूर्वीची गायरानेही कुंपणे घालून मालकांच्या ताब्यात गेली होती. १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने एक समितीच नेमली, विषय ‘सार्वजनिक फिरण्याच्या जागा’. रॉबर्ट स्लेनी हे खासदार तिचे अध्यक्ष. समितीला दिसले की वाढत्या गावांत कष्टकऱ्याला कुटुंबासह पाय मोकळे करायला जागाच नाही. उरतो तो दारूचा गुत्ता. आमच्या बाईंचा जो प्रश्न, तोच प्रश्न १९० वर्षांपूर्वी तिथल्या पार्लमेंटसमोर आला होता.

१८४२ साली एडविन चॅडविक यांचा प्रसिद्ध अहवाल आला. त्यातील एक आकडा मी वैद्यकीय महाविद्यालयात असताना पाठ केला होता, पण त्याचा अर्थ कळायला हे वय यावे लागले. मँचेस्टरमधील मजुरांच्या कुटुंबांत मृत्यूचे सरासरी वय होते १७ वर्षे. रटलंड या शेतीप्रधान जिल्ह्यात मजुरांच्याच घरी ते ३८ होते. याचा अर्थ मँचेस्टरचे सगळे मजूर सतराव्या वर्षी मरत असे नव्हे. तान्ही आणि लहान मुले इतकी दगावत, की सरासरी तिथवर खाली येई. मजुरी मँचेस्टरला जास्त होती. आयुष्य मात्र निम्म्यापेक्षा कमी.

१८४६ च्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर आणि शेजारच्या सॅलफर्डमध्ये एकाच दिवशी तीन बागा उघडल्या, लोकवर्गणीतून. लंडनमध्ये आणखी वेगळे घडले. शहराच्या पश्चिमेला राजाची हाइड पार्क सतराव्या शतकापासून लोकांना खुली होती. पण ती बड्यांच्या वस्तीजवळ. पूर्वेकडे, जिथे गोदीतले हमाल आणि विणकर राहत, तिथे काहीच नाही. विल्यम फार नावाचे गृहस्थ सरकारी जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयात आकडेवारीचे काम पाहत. वैद्यकीचे शिक्षण घेतलेले. त्यांनी १८३९ साली मृत्यूंच्या नोंदी मांडून लिहिले की लंडनच्या पूर्व भागात एक मोठी बाग झाली तर मृत्यू कमी होतील आणि तिथल्या लोकांचे आयुष्य वाढेल. पुढच्या वर्षी तीस हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज व्हिक्टोरिया राणीकडे गेला. सरकारने एक आलिशान इमारत विकून जमीन घेतली आणि १८४५ साली व्हिक्टोरिया पार्क लोकांना मिळाली.

जूनमध्ये लंडनला तीन दिवस गेलो तेव्हा हाइड पार्क पाहिली, पण एक पूर्ण सकाळ मुद्दाम व्हिक्टोरिया पार्कसाठी राखून ठेवली. दोनशे एकरांहून मोठी. तळे, बदके, मुलांच्या गाड्या ढकलणाऱ्या आया, बुरखा घातलेल्या बांगलादेशी बायकांचा झपझप चालणारा घोळका, आणि एका झाडाखाली व्यायाम करणारे सत्तरीतले गोरे आजोबा. एका हमालाचा पणतू तिथे धावत असेलही. मी फार साहेबांच्या आठवणीने एक संपूर्ण फेरी मारली. सौ. तळ्याकाठी बसून राहिली. बाकी सगळे होते, भेळवाला तेवढा नव्हता, अशी तिची तक्रार.

गंमत अशी, की फार साहेबांचे आकडे बरोबर असले तरी कारणमीमांसा चुकीची होती. त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांप्रमाणे तेही मानत, की कॉलरा आणि ताप दूषित हवेतून, दुर्गंधीतून पसरतात. बाग म्हणजे शहराचे फुफ्फुस, ती घाण हवा शोषून घेईल, ही कल्पना. पुढे १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा शोध लावला आणि कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवून दिले. फार यांनाही ते आधी पटले नाही. १८६६ च्या साथीत स्वतः आकडे तपासल्यावर पटले, आणि त्यांनी तसे मान्यही केले. कॉलरा गेला तो नळाच्या स्वच्छ पाण्याने आणि बंद गटारांनी. बागांनी नव्हे. पण चुकीच्या कारणासाठी लावलेली ती झाडे उभी राहिली आणि दीडशे वर्षांनी वेगळ्याच रोगांवर कामाला आली.

ते कसे, हे सांगताना पुन्हा लंडनच डोळ्यांसमोर येते. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्याने वरखाली. वर्ग एक, राहणी साधारण एक. पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी आढळला. हालचाल आणि हृदय यांचा संबंध दाखवणारे हे पायाभूत काम. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले! २००८ साली मिचेल आणि पॉपहॅम या संशोधकांनी इंग्लंडभरची माहिती तपासली तेव्हा असे दिसले, की गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरातील तफावत हिरवाई जास्त असलेल्या भागांत कमी असते. २०१९ साली इंग्लंडमधीलच सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीतून निघाले, की आठवड्याला एकूण १२० मिनिटे बागेत वा निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये ‘माझी प्रकृती चांगली आहे’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाण जास्त आहे. हे दोन तास एकदम घेतले काय किंवा तुकड्यांनी घेतले काय, फारसा फरक पडत नाही.

इथे डॉक्टर म्हणून एक सावधगिरीची सूचना. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती चांगली तेच बागेत जास्त जात असतील, हेही शक्य आहे. पण चालण्याचा फायदा वेगळ्या अनेक मार्गांनी सिद्ध झालेला आहे, आणि जागा जवळ व प्रसन्न असेल तर माणूस जास्त चालतो, हे मी स्वतःच्या पायांवरून सांगतो. मे महिन्यात मी एका फेरीवरून तीनवर आलो. रोज ठरवून नव्हे. सरदारजी उठले की उठायचे, एवढेच.

मग उत्साहाच्या भरात माझ्या हातून एक मूर्खपणा घडला, तो लपवत नाही. इंग्लंडमध्ये दर शनिवारी सकाळी नऊ वाजता शेकडो बागांत ‘पार्करन’ नावाचा उपक्रम चालतो. पाच किलोमीटर धावा किंवा चाला, फी नाही, स्पर्धा नाही. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा जणांनी सुरुवात केली. २०१८ पासून तर तिथल्या फॅमिली डॉक्टरांची संस्थाही यात सहभागी झाली, आणि दवाखाने आपल्या रुग्णांना जवळच्या बागेत पाठवू लागले. विशेष म्हणजे सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक चालतो. त्याचे कामच शेवटचे येणे, म्हणजे दुसऱ्या कोणाला शेवटचे आल्याची लाज वाटू नये.

मुलाने मला जुलैतल्या एका शनिवारी डर्बीच्या मार्कीटन पार्कमध्ये नेले. नऊला पोहोचायचे म्हणून घाईत मधुमेहाची गोळी घेतली, ग्लिमेपिराइड, आणि वर नुसता चहा. न्याहारी ‘आल्यावर करू’ म्हणून ठेवली. तिसऱ्या किलोमीटरला कपाळावर घाम फुटला. हवा थंड, तरी घाम. हात थरथरू लागले, झाडे जरा हलल्यासारखी वाटली आणि मुलाचा, जो पुढे गेला होता, विनाकारण राग आला. रक्तातील साखर घसरल्याची ही सगळी लक्षणे मी हजारदा रुग्णांना समजावली आहेत. त्या क्षणी मला एकही आठवले नाही. मी चालतच राहिलो. मागून येणाऱ्या स्वयंसेविका बाईंनी माझा चेहरा पाहिला, दंडाला धरून गवतावर बसवले, मधुमेह आहे का विचारले आणि खिशातून जेलीच्या गोळ्या काढून हातावर ठेवल्या. दहा-पंधरा मिनिटांत डोके ताळ्यावर आले. त्यांनी बिस्किटे खायला लावली आणि मुलगा परत येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. त्या पेशाने शाळेत स्वयंपाकीण होत्या. त्यांच्या आईला मधुमेह होता, म्हणून ओळखले म्हणाल्या. मी डॉक्टर आहे, हे त्यांना सांगायचे धाडस मला झाले नाही.

तेव्हा वाचकहो, मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाने हे कापून ठेवावे. उपाशीपोटी औषध घेऊन लांब चालायला जाऊ नये. सगळ्याच गोळ्यांनी साखर घसरत नाही, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लायबेन्क्लामाइड आणि इन्सुलिनने घसरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावीच. अचानक घाम, थरथर, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर ताबडतोब थांबावे आणि तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच, आणि बरे वाटल्यावर पोळी किंवा बिस्किटे खावीत. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, दवाखान्यात न्यावे. चालणे नियमित वाढले की औषधाची मात्रा कमी करावी लागते. पण ती आपल्या मनाने नव्हे. मीही माझ्या डॉक्टर मित्राला फोन करून त्याच्या सल्ल्याने निम्मी केली.

सौ.ची गोष्ट वेगळी. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले. ‘चाल’ म्हटले की ‘दुखतं’ हे उत्तर तयार. आर्बोरेटममध्ये तिने आपली मात्रा स्वतः शोधली. पहिल्या दिवशी पहिल्या बाकापर्यंत, तिथे बसायचे, परत. आठवड्याने दुसरे बाक. सप्टेंबरअखेर ती निम्मी बाग चालू लागली, बसत बसत. गुडघेदुखीत विश्रांतीने मांडीचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि गुडघ्यावरचा भार वाढतो. बेताबेताने चालल्याने ते स्नायू सुधारतात. पण त्यासाठी मधे टेकायला जागा लागते. तिथल्या पुष्कळ बाकांवर लहानशी पितळी पट्टी असते. कोणाच्या तरी स्मरणार्थ कुटुंबाने ते बाक दिलेले. कोण्या मेरीच्या, कोण्या आल्फ्रेडच्या नावावर बसून आमच्या सौ.ने गुडघे सुधारले.

तिकडे सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नये. बागा राखणे हे तिथल्या नगरपालिकांवर कायद्याने सक्तीचे नाही. २०१० नंतर खर्चात कपात झाली तेव्हा कात्री आधी माळी आणि पहारेकऱ्यांवर चालली. पुष्कळ बागांतील स्वच्छतागृहे बंद झाली आहेत. पुरस्थ ग्रंथी वाढलेल्या माझ्या वयाच्या माणसाला याचा अर्थ काय, ते सांगायला नको. घरून निघतानाच हिशेब करून निघावे लागते. संध्याकाळी आर्बोरेटमच्या एका कोपऱ्यात बिअरचे डबे घेऊन बसणारी टोळकी असत, त्यामुळे सौ. सातनंतर यायला तयार नसे. मे ते जुलै गवताचे पराग हवेत उडतात. मी दोन आठवडे शिंकून बेजार झालो. आणि ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात एवढाही जोर नसतो, की त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हावे. सावळ्या त्वचेच्या लोकांना तर तिथले सरकार वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायला सांगते. मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांनी याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारून जावे.

निघण्याच्या आदल्या दिवशी सरदारजींना सांगायला गेलो. त्यांनी तिन्ही फेऱ्या माझ्याबरोबर मारल्या. तिसऱ्या फेरीत ते बोलत नसत, हे मला आता माहीत झाले होते. मीही बोललो नाही.

ऑक्टोबरमध्ये परत आल्यावर एचबीएवनसी केली, ७.३. सगळे श्रेय बागेला देणार नाही. सूनबाईंनी भात निम्म्यावर आणला होता आणि लाडवांचा डबा कुलपात गेला होता. पहिल्याच आठवड्यात त्या बाई आल्या. या खेपेला चिठ्ठी लिहिण्याआधी मी विचारले, ‘‘ताई, तुमच्या घराजवळ चालण्याजोगी जागा कोणती?’’ त्या जरा थबकल्या. मग म्हणाल्या, ‘‘शाळेचं मैदान आहे की. कडेनं लिंबाची झाडंबी हायेत. पण शाळा सुटली की फाटकाला कुलूप.’’

मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहिला आहे. सकाळी साडेपाच ते साडेसात फाटक उघडे असावे, किल्ली सांभाळायला आमच्यापैकी दोघे तयार आहेत, आणि जमल्यास कडेने चार बाके आम्ही वर्गणीतून देऊ, असे त्यात म्हटले आहे. आतापर्यंत एकतीस सह्या झाल्या. अर्ज दवाखान्यात कंपाउंडरच्या टेबलावर आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी सकाळी दहा ते एक या वेळेत यावे.